हुकूम कुणाकुणाला जातो?

मे २०१४मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात विंडोज ७ बसवण्याचा एक आदेश चुकून सगळ्याच विंडोज यंत्रांना गेला. लॅपटॉप, डेस्कटॉप, अगदी सर्व्हरसुद्धा. डिस्क पुसून फॉरमॅट करायची, हे त्या आदेशातलं सुरुवातीचंच काम. गडबड कळताच आदेश सोडणारा सर्व्हर बंद केला गेला, पण तोवर तो स्वतःच पुसला गेला होता!

हा सर्व्हर होता मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिम सेंटर कॉन्फिगरेशन मॅनेजरचा, म्हणजे आयटीवाल्यांच्या तोंडच्या ‘एससीसीएम’चा. एका क्लिकवर हजारो संगणक हलवणारं हे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेताना जुने आदेश कुणाला लागू होतात, हे आधी तपासावं लागतं. नेमकं तेच काम घाईत राहून जातं.

प्रस्तुत लेखकाने एससीसीएमच्या २००७वरून २०१२च्या आवृत्तीवर जाण्याची कामं जवळून पाहिली. वरिष्ठांना वाटायचं, शनिवारी रात्री सेटअप चालवला की सोमवारी सगळं नवं. पण जुन्यावरच नवी आवृत्ती चढवायची सोय त्यात नव्हतीच. वेगळा ६४ बिटी सर्व्हर, वेगळा साइट कोड, आणि दोन्ही यंत्रणा शेजारी शेजारी चालवत एकेक गोष्ट पलीकडे न्यायची.

शिवाय सगळंच पलीकडे जात नाही. क्वेरी, अधिकारांची रचना, जुने वेब रिपोर्ट आणि इन्व्हेंटरीचा इतिहास मागेच राहतो. एका कंपनीत जुना सर्व्हर मोडीत काढल्यावर ऑडिटरने मागच्या वर्षीची सॉफ्टवेअरची नोंद मागितली, तेव्हा ही गोष्ट सगळ्यांना कळली.

पॅकेजांची वेगळीच रड. मूळ फायलींचा पत्ता नेटवर्क शेअरचा हवा. कुणीतरी पूर्वी ‘डी’ ड्राइव्हवर टाकून ठेवलेलं पॅकेज नवी यंत्रणा घेत नाही. वापरकर्ते आणि संगणक एकाच कलेक्शनमध्ये, म्हणजे आदेश कुणाला जायचा त्या यादीत, कोंबलेले असतील तर तेही अडतं. ही अडवणूक त्रासदायक वाटते, पण ती फायद्याची आहे: वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या याद्या त्या निमित्ताने उघडाव्या लागतात.

स्थलांतराच्या विझार्डमध्ये एक चौकट येते: आणलेले प्रोग्रॅम लगेच सुरू करायचे का? तिथे खूण करू नका. प्रत्येक डिप्लॉयमेंटसमोर, म्हणजे सोडायच्या आदेशासमोर, तिचं कलेक्शन किती यंत्रांचं आहे आणि त्यात सर्व्हर आहेत का, हे डोळ्यांनी पाहा. मग एकेक सुरू करा. पुढे मायक्रोसॉफ्टने धोकादायक डिप्लॉयमेंटसाठी मोठ्या कलेक्शनवर इशारा देण्याची सोय आणली. ती मर्यादा आपल्या संस्थेच्या आकाराप्रमाणे स्वतः ठरवून घ्या.

आणि जुन्या डेटाबेसचा बॅकअप, निदान पुढचं ऑडिट पार पडेपर्यंत, कुणालाही पुसू देऊ नका.