आजोबांना गाडी बनवू द्या

आई-बाबांनो,

नातवाला बसून चालवायची बॅटरीची गाडी हवी असते. आजोबा म्हणतात, "मी बनवतो." आणि तुम्ही दोघे एकमेकांकडे पाहता. "बाबा, कशाला दगदग? आज मागवली की परवा दारात येते." तुम्ही हे काळजीपोटीच म्हणता, याबद्दल मला शंका नाही. तरी आज त्या आजोबांच्या बाजूने बोलायचे आहे.

पवईच्या आसपासचा हा पट्टा आठवा. लार्सन इथेच, विक्रोळीला गोदरेज, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला सिएट. किती घरांतले आजोबा इथे फिटर, टर्नर, वायरमन म्हणून राबले आणि त्या पगारावर तुमची शिक्षणे झाली! नातवाने मात्र त्यांना पाहिले ते पेपर वाचताना, नाहीतर संध्याकाळी तलावाकाठी फिरायला निघताना. त्या हातांना काय येते, हे त्याला कळणार कसे? गोष्टी सांगून ते कळत नाही, त्यासाठी समोर काम लागते.

असे हट्ट मोठमोठ्यांनी पुरवले आहेत. 1926मध्ये मोटारनिर्माता एत्तोरे बुगाटीने धाकट्या मुलाच्या चौथ्या वाढदिवसासाठी आपल्या शर्यतीच्या गाडीची निम्म्या आकाराची, विजेवर चालणारी प्रतिकृती केली. लोकांना ती इतकी आवडली की पुढे तशा सुमारे 500 गाड्या बनल्या. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या इच्छेखातर भंगारातल्या भागांतून किक मारून सुरू होणारी छोटी जीप उभी केली. तिच्या बदल्यात आनंद महिंद्रांनी त्यांना जानेवारी 2022मध्ये बोलेरो दिली. ती जीप पेट्रोलवरची होती. विजेची गाडी त्याहून सोपी.

मोटारीच्या वायपरची मोटर यासाठी फार चांगली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत ती मिळते. 12 व्होल्टवर चालते, आत गिअर असतोच, त्यामुळे सावकाश पण जोर लावून फिरते, मिनिटाला साधारण 60 फेरे. चाकाचा व्यास 30 सेंटीमीटर असेल तर एका फेऱ्यात गाडी 94 सेंटीमीटर पुढे जाते, म्हणजे तासाला जेमतेम साडेतीन किलोमीटर. आजोबांना मागून आरामात चालता येईल असा हा वेग. हे गणित नातवाला तोंडी सांगू नका. चाकाभोवती सुतळी गुंडाळून ती त्यालाच मोजू द्या.

मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर गाडी वळताना फरफटते, कारण बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. म्हणून मोटर एकाच चाकाला जोडायची आणि दुसरे बेअरिंगवर मोकळे ठेवायचे. खडूने जमिनीवर वळणाच्या दोन रेषा काढून मुलाला त्यांवरून चालायला लावा. पाच वर्षांच्या मुलाच्याही पायांना फरक कळतो, आणि हे मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचे वाटते. विकतच्या गाडीच्या पोटात काय आहे हे मूल कधी पाहत नाही. बिघडली की ती गॅलरीत जाते आणि तिथून भंगारात. स्वतः स्क्रू फिरवलेले मूल बंद पडलेल्या गाडीशी पाना घेऊन बसते.

आता तुमच्या काळजीविषयी, कारण ती रास्त आहे. बाजारातल्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. घरच्या गाडीला ते नसते, तेव्हा तपासनीस तुम्ही व्हायचे. आपल्या आयआयटीचे विद्यार्थी विजेवरची शर्यतीची गाडी स्वतः बांधून इंग्लंडला सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरतात. तिथल्या नियमांप्रमाणे गाडी बंद करण्याची बटणे चालकापाशी असतातच, शिवाय दोन्ही बाजूंना बाहेरूनही असतात. गाडी 60 अंशांत कलती करून पाहिल्याशिवाय शर्यतीत सोडत नाहीत. यातले दोन धडे घ्या. सीटच्या मागे, मोठ्या माणसाचा हात पोहोचेल असे लाल बटण हवे, आणि बॅटरी शक्य तितकी खाली हवी, म्हणजे गाडी कलंडणार नाही.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवा. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, पण तारा एकमेकींना चिकटल्या तर लालबुंद होतात आणि प्लास्टिक पेटते. यूपीएसमध्ये असते तशी 7 अँपिअर-तासाची बंद बॅटरी पुरे, पाऊण-एक तास खेळ होतो. जुन्या लॅपटॉपचे लिथियमचे सेल कितीही फुकट मिळोत, या गाडीत नकोत. चार्जिंग खिडकीजवळ, घरात कोणी जागे असतानाच करा. चेन आणि गिअरवर झाकण हवेच, बोटे फार लवकर आत जातात.

गाडी चालवायची फक्त पोडियमवर किंवा बंद अंगणात. पार्किंगच्या उतारावर अजिबात नको. पवईच्या सोसायट्या टेकडीच्या अंगाने चढलेल्या आहेत आणि गाडी मागे घेणाऱ्याला एवढे बुटके वाहन दिसत नाही. मागे उंच काठीला लाल फडके बांधा. पावसाळ्यात गाडी घरातच राहू दे.

आजोबांचे वय झाले आहे, हात थरथरतात, नजर कमी झाली आहे, हे मला मान्य आहे. सोल्डरिंग तुम्ही करा, वेल्डिंग साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यातून करून आणा. पण चाक कुठे बसवायचे हे त्यांना ठरवू द्या. गॅलरीचा एक कोपरा महिनाभर त्यांच्या पसाऱ्याला द्या आणि मुलाच्या हाताला ग्रीस लागले म्हणून ओरडू नका. जी गाडी तयार होईल ती दिसायला विकतच्यापेक्षा साधीच असेल. रंग कोणता द्यायचा हे मात्र मुलालाच विचारा.

आणि गाडी पहिल्यांदा चालेल त्या दिवशी तुम्ही दोघेही घरी राहा.