मोजे अंथरुणातच चढवायचे

सकाळच्या राउंडला व्हेरिकोज व्हेन्सच्या पेशंटचा पाय बघण्याआधी मी त्याच्या चपला बघते. रात्री खाटेखाली ठेवल्या होत्या तशाच असतील तर ठीक. चपला बाथरूमच्या दाराशी आणि पायाला दाब देणारा मोजा मात्र उशाशी घडी घालून ठेवलेला असेल, तर त्या दिवसाचा मोजा वाया गेला असं मी धरून चालते.

"डॉक्टरबाई, तोंड धुऊन, चहा घेऊन घालणारच होते," असं बहुतेक जणी सांगतात. पण तेवढ्या अर्ध्या तासात रक्त खाली उतरतं आणि घोटा भरायला लागतो. मग मोजा ओढूनताणून चढवावा लागतो, तो नीट बसत नाही, गुडघ्याखाली काचतो आणि दुपारी बारा वाजता काढून टाकला जातो. पंधरा दिवसांनी ओपीडीत तक्रार येते, की मोज्यांनी काही फरक पडला नाही.

मला येणाऱ्या पत्रांत 'लेसर चांगलं की ग्लू?' हा प्रश्न हमखास असतो. 'घरी काय करायचं?' असं क्वचितच कुणी विचारतं. लेसरचं काम तासाभरात उरकतं. त्याच्या आधीचे आणि नंतरचे महिने पाय सांभाळतात ते घरातली सून, मुलगा, नवरा, नाहीतर वॉर्डातल्या सिस्टर. आजचं हे लिखाण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आत काय बिघडलेलं असतं ते समजलं, की पुढचं सगळं आपोआप कळतं. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या जोरावर. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या मोठ्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. ते परत खाली पडू नये म्हणून शिरांमध्ये जागोजाग झडपा असतात. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्यापाशी शिरेतला दाब साधारण 80 ते 90 मिलिमीटर असतो, आणि निरोगी माणूस चालायला लागला की तो 30 च्या खाली येतो. झडपा निकामी झाल्या की चालूनसुद्धा दाब हवा तसा उतरत नाही. दिवसभर तो घोट्यावर बसून राहतो. मांडीपासून पोटरीपर्यंत दिसणाऱ्या निळ्या, वळणावळणाच्या गाठी हा त्या दाबाचा वरून दिसणारा भाग. खरी हानी कातडीखाली चाललेली असते. रक्तातल्या तांबड्या पेशी बारीक केशवाहिन्यांमधून बाहेर झिरपतात, त्यातलं लोह कातडीत साठतं आणि घोट्याची आतली बाजू आधी तपकिरी, मग काळी पडते. तिथे खाज सुटते, आणि खाजवलं की जखम होते. म्हणून शुश्रूषेत आपण जे जे करतो ते हा दाब उतरवण्यासाठी.

आई-वडिलांपैकी कुणाला हा त्रास असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. बाळंतपणं, वाढलेलं वजन आणि वय यांचाही हात असतो. आणि उभ्याने करायची कामं. यंत्रमागावर पाळी करणारे कामगार, ट्रॅफिक पोलीस, केशकर्तनालयातले कारागीर, शिक्षक, साड्यांच्या दुकानात दिवसभर घड्या उलगडून दाखवणाऱ्या मुली. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. केरळात त्यासाठी कापड दुकानांतल्या बायकाच लढल्या होत्या. संध्याकाळी त्यांचे पाय कसे होत असतील हे मी डॉक्टर म्हणून सांगू शकते: टम्म, जड, चप्पल घट्ट होणारे आणि रात्री पोटऱ्यांत गोळे आणणारे. आमच्याकडच्या बायका हे सगळं साडीखाली झाकून, 'आज पाय फार भरून आलेत' एवढंच म्हणतात आणि कामाला लागतात. त्या माझ्यापर्यंत येतात तेव्हा बऱ्याचदा जखम झालेली असते.

आता पाय वर ठेवण्याबद्दल. टीव्हीसमोर बसून पाय स्टुलावर ठेवणं म्हणजे 'पाय वर' नव्हे. घोटा छातीपेक्षा उंच हवा, म्हणजे आडवंच व्हायला हवं. पोटरीखाली जुनी गोधडी घडी घालून ठेवा किंवा दोन उशा द्या, पण नुसत्या टाचेखाली नको, तिथे दाबाने जखम होते. असं वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. रात्रीसाठी खाटेच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवल्या, की साधारण 15 सेंटिमीटर उंची मिळते. आडवं झाल्यावर धाप लागणाऱ्या किंवा हृदय अशक्त असलेल्या माणसाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं झोपवू नका.

मोज्यांकडे परत येते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. हे मोजे 'मीडियम द्या' म्हणून आणायचे नसतात. सकाळी उठल्या उठल्या, सूज नसताना टेपने मापं घ्यायची: घोट्याच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक आहे तिथे, पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे, आणि टाचेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत लांबी. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचा मोजा पुरतो. मांडीपर्यंतचा घसरतो आणि माणूस कंटाळून तो सोडून देतो. दाबाचे वर्ग असतात. बऱ्याच पेशंटना घोट्याशी 23 ते 32 मिलिमीटर दाब देणारा दुसऱ्या वर्गाचा मोजा सांगितला जातो.

चढवायची पद्धत अशी. मोज्यात हात घालून टाच पकडायची आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करून बाहेर काढायचा. झालेल्या खिशात बोटं, मग पाऊल सरकवायचं, टाच टाचेवर बरोबर बसवायची. त्यानंतर उरलेला मोजा थोडा थोडा करत वर उलगडत न्यायचा. वरची कड धरून हिसका द्यायचा नाही. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली बसते आणि तळव्याने सुरकुत्याही सारख्या करता येतात. मोजा पुढून उघडा असेल तर आधी पावलावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवा, मोजा तिच्यावरून सरकतो, मग बोटांकडून पिशवी ओढून घ्या. सांधे आखडलेल्या आजींना हे एकटीने जमणार नाही, घरातल्या कुणीतरी सकाळची पाच मिनिटं त्यासाठी ठेवावीत. वरची कड दुमडायची नाही, तिथे दुप्पट दाब पडून पाय आवळला जातो. रात्री झोपताना काढायचा. हाताने धुवून, न पिळता सावलीत वाळवायचा. दोन जोड असले म्हणजे 'आज ओला होता' ही सबब राहत नाही. साधारण सहा महिन्यांत लवचीकपणा जातो, मग तो नुसता मोजा उरतो.

एक गोष्ट मात्र मोजा आणण्याआधीची, आणि ती मी अगदी हट्टाने सांगते. मधुमेह असेल, बिडी-सिगारेटची सवय असेल, थोडं चाललं की पोटरी दुखून थांबावं लागत असेल किंवा पावलं गार पडत असतील, तर आधी पायाच्या रोहिण्या तपासून घ्या. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात. ते 0.8 पेक्षा कमी आलं तर पूर्ण दाबाचा मोजा घालायचा नाही, आणि 0.5 च्या खाली असेल तर कसलाच दाब द्यायचा नाही. पायाला रक्त आणणारी नळीच अरुंद असताना बाहेरून आवळलं तर बोटं जाण्याची वेळ येते. मधुमेहात रोहिण्या कडक होतात आणि हा आकडा फसवा, उगाच चांगला येऊ शकतो, म्हणून तिथे डॉप्लर बघूनच ठरवावं लागतं.

क्रेप बँडेज बांधणाऱ्या सिस्टरना हे माहीत असतं, घरच्यांसाठी लिहिते: पाऊल घोट्याशी काटकोनात धरा, बोटांच्या मुळापासून सुरुवात करा, टाच उघडी ठेवू नका आणि वर जाताना ताण कमी करत चला. पोटरीवर घट्ट आणि घोट्यावर ढिली बांधलेली पट्टी दाब उतरवण्याऐवजी वाढवते. बोटं बाहेर राहू द्या. ती निळसर पडली, बधिर झाली, मुंग्या आल्या की पट्टी लगेच सोडा.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. साठीच्या एक बाई गरम पाण्याने आंघोळ करत होत्या. घोट्याजवळच्या फुगीर शिरेवर पातळ खपली होती, ती दगडाने घासताना निघाली. दुखलं काहीच नाही. खाली पाहिलं तर मोरीत लाल पाणी. घाबरून त्यांनी हाक मारली, सुनेने त्यांना धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं आणि पायाला फडकं गुंडाळलं. फडकं भिजलं, दुसरं गुंडाळलं, तेही भिजलं. सुनेने जे जमेल ते केलं. पण बसलेल्या माणसाच्या घोट्यावर दाब कायम असतो, त्यामुळे रक्त थांबत नव्हतं. रिक्षातही त्या बसूनच आल्या. आमच्या सिस्टरने त्यांना स्ट्रेचरवर आडवं केलं, पाय उंच धरला आणि गॉझचा बोळा त्या एका ठिकाणी अंगठ्याने दाबून धरला. मिनिटभरात रक्त थांबलं.

एवढंच करायचं असतं. जिथे असाल तिथे आडवं पडायचं, मोरीत असाल तर मोरीतच. पाय भिंतीवर किंवा कुणाच्या खांद्यावर उंच, आणि स्वच्छ कापडाने रक्त येतंय त्याच जागी दहा मिनिटं दाब, मध्ये उचलून बघायचं नाही. वर दोरी आवळून बांधायची नाही. मग आडव्यानेच दवाखान्यात. अशा साध्या शिरेतून रक्त जाऊन माणसं दगावलेली आहेत, म्हणून हा परिच्छेद घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. आणि घोट्याजवळ पातळ, निळी, फुटेलसं वाटणारी कातडी असेल तर दगडाने घासू नका.

काळ्या पडलेल्या कातडीवर बिब्बा लावून आलेले पेशंट मी आजही बघते. बिब्ब्याने कातडी भाजते आणि जिथे नुसती खाज होती तिथे व्रण तयार होतो. जखमेवर अँटिबायोटिकची पावडर टाकणंही थांबवा: या जखमांभोवतीची कातडी फार हळवी असते, पावडरीची आणि सुगंधी मलमांची तिला पटकन ॲलर्जी येते. व्रण धुवायला नळाचं पिण्यायोग्य कोमट पाणी पुरतं. बादलीत स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात पाणी घ्यावं, म्हणजे बादलीतले जंतू पायाला लागत नाहीत. पाय टिपून कोरडा करायचा, भोवतीच्या कोरड्या कातडीला रात्री मोजा काढल्यावर साधं व्हॅसलीन लावायचं, जखमेवर न चिकटणारं ड्रेसिंग आणि त्यावर सांगितलेल्या पद्धतीने पट्टी. जखम भरते ती पट्टीच्या दाबाने. ड्रेसिंगचं काम तिला स्वच्छ ठेवण्यापुरतं.

'जखम भरू दे, मग शिरेचं बघू' असं पूर्वी आम्हीही म्हणायचो. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या 450 पेशंटवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टी सगळ्यांनाच बांधली होती. ज्यांची बिघडलेली शीर सुरुवातीलाच बंद केली त्यांच्यापैकी निम्म्यांच्या जखमा 56 दिवसांत भरल्या, ज्यांची नंतर केली त्यांना त्यासाठी 82 दिवस लागले. तेव्हा जखम असेल तर शस्त्रक्रियेचा सल्ला लांबवू नका.

शीर बंद करायचे मार्ग आता बरेच आहेत. लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने आतून उष्णता देऊन, औषधाचा फेस टोचून, ग्लूने, आणि जुन्या पद्धतीने कापून. तुमच्यासाठी कुठला, हे डॉप्लर सोनोग्राफी ठरवते, आणि ती उभं करून केलेली असावी. झोपवून केलेल्या तपासणीत उलटं वाहणारं रक्त निसटू शकतं. गोळ्यांनी जडपणा आणि सूज थोडी कमी होते, झडपा दुरुस्त होत नाहीत. गरोदरपणात शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत, मोजे आणि डाव्या कुशीवर झोपणं पुरतं. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच शिरा बसतात.

लेसरनंतर पेशंटला खाटेवर झोपवून ठेवणं ही घरच्यांची माया असते, पण तीच घातक ठरते. त्याच दिवशी चालवा, दर तासाला थोडं. मांडीच्या आतल्या बाजूला दोरी ओढल्यासारखं वाटणं, निळे डाग, थोडा बधिरपणा हे काही आठवडे चालतं. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली आणि दुखायला लागली, किंवा धाप लागली, छातीत कळ आली, तर रात्र असो की दिवस, लगेच या. आणि तोवर त्या पायाला तेल लावून चोळू नका. आत गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

मोरीतल्या त्या बाईंची शीर आम्ही लेसरने बंद केली. घोट्याजवळ एक जुना व्रण होता, तोही सुनेने रोज धुऊन, पट्टी बांधून दोन महिन्यांत भरून आणला. शेवटच्या तपासणीला दोघी आल्या. मावशींनी पाय पुढे केला. गुलाबी, पातळ, नवी कातडी आली होती.

"आता काढू ना मोजा?" त्यांनी विचारलं.

सुनेनेच उत्तर दिलं, "नाही आई. येताना नवा जोड घेतलाय."