रजा ताप उतरल्यावर घ्या

दिव्यातल्या आई-बाबांनो, पावसाळ्यात घरातलं लेकरू तापलं की आपला हिशेब ठरलेला असतो. पहिल्या दिवशी आईची रजा, दुसऱ्या दिवशी बाबांची. तिसऱ्या दिवशी आजी सांभाळते, नाहीतर शेजारच्या काकू. चौथ्या दिवशी सकाळी कपाळ गार लागतं. आपण हुश्श करतो, डबा भरतो आणि लोकल गाठतो. साध्या सर्दी-तापात हे खपून जातं. डेंग्यूत मात्र हा हिशेब अंगाशी येतो. त्याबद्दलच आज चार गोष्टी बोलू.

डेंग्यूचा ताप दोन ते सात दिवस राहतो. जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंगदुखी, कधी अंगावर लालसर पुरळ. पण या दिवसांत सहसा धोका कमी असतो. धोका असतो तो ताप उतरतानाच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत. काही मुलांच्या बारीक रक्तवाहिन्या तेव्हा माठासारख्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत उतरतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब घसरतो. थर्मामीटर नॉर्मल दाखवत असतो आणि मूल आतून खचत असतं.

म्हणून एकच रजा शिल्लक असेल तर ती ताप उतरल्याच्या दिवशी घ्या. रजा मिळणारच नसेल, तर मुलाजवळ थांबणाऱ्या माणसाला काय बघायचं ते सांगून निघा. पोटात सतत दुखतंय का? पुन्हापुन्हा उलट्या होतायत का? हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय का, शी काळी होतेय का? हातपाय गार पडलेत का? मूल उगीच चिडचिड करतंय किंवा हाक मारली तरी मरगळून पडलंय का? चार ते सहा तासांत लघवी झाली नाही का? यातलं एक जरी दिसलं तरी संध्याकाळी आई येईपर्यंत थांबायचं नाही. लगेच दवाखाना. ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय कळव्याला आहे. रात्री-अपरात्री १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत असते.

औषधाचंही जरा जपून. तापाला पॅरासिटामॉल पुरे, तेही वजनाच्या हिशेबाने आणि दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून. लहान मुलांच्या सिरपच्या बाटल्या कमी-जास्त ताकदीच्या मिळतात. काही बाटल्यांत पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं, काहींत २५०. थोरल्याची बाटली आणि धाकट्याचा चमचा अशी गल्लत झाली तर डोस सरळ दुप्पट होतो. मेडिकलवाल्याला नुसतं ‘तापाचं द्या’ म्हणू नका. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन डेंग्यूच्या संशयात टाळायचीच, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू विषाणूचा आजार आहे, त्यामुळे अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. खरं औषध म्हणजे पाणी. ओआरएस, पेज, ताक, शहाळं, जे पोटात टिकेल ते घोट घोट देत राहा.

तपासणीचंही तसंच. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही चाचणी करतात, पुढे आयजीएम. एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच, असं धरून बसू नका. आणि प्लेटलेट्स! मूल आजारी पडल्याचं कळलं की अख्खी चाळ तेवढाच आकडा विचारते. पण रिपोर्टवर त्याच्या आसपास हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही नावाची ओळ असते. रक्त किती घट्ट झालंय ते तिथे कळतं. प्लेटलेट्स घसरत असताना हा आकडा चढायला लागला, तर डॉक्टर सावध होतात. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. प्लेटलेट्स बाहेरून चढवायची वेळ थोड्यांवरच येते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तस्राव नसेल, तर आकडा १०,०००च्या खाली गेल्यावरच त्याचा विचार होतो. एरवी बहुतेकांच्या प्लेटलेट्स आपोआप वाढतात. पपईच्या पानांचा रस पाजण्यात दवाखान्याची वेळ घालवू नका.

‘मागच्या वर्षी होऊन गेलाय, आता नाही होणार,’ असंही कुणी म्हणेल. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला तरी बाकीचे तीन होऊ शकतात, आणि दुसऱ्या खेपेचा डेंग्यू जास्त गंभीर होण्याची भीती असते.

आता पाण्याकडे येऊ. आपल्याकडे पाण्याची खात्री नाही, म्हणून दारात पिंप आणि मोरीत ड्रम भरून ठेवावे लागतात. त्यात तुमची चूक नाही. पण डेंग्यूचा डास गटारात नाही, असल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. पिंपावरचं झाकण उचला आणि टॉर्च मारा. दोऱ्याच्या तुकड्यासारखं काही वळवळत खाली गेलं, तर त्या त्याच्या अळ्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करायचं. नुसतं उपडं करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. कडा ब्रशने खसखसून घासा. पाणी ओतून द्यायला जीव होत नसेल, तर दोन पिंपं आलटून पालटून रिकामी करा आणि तोंडाला घट्ट कापड बांधा. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, पत्र्यावरच्या ताडपत्रीच्या घड्या याही बघा. धुराची फवारणी उडणारे डास मारते, पिंपातल्या अळ्या नाही.

हा डास दिवसा चावतो. तेव्हा पोरांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि दुपारी झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी लावा. तापलेल्या मुलाला तर ती हवीच, कारण त्याला चावलेला डास काही दिवसांनी हाच आजार शेजारच्या घरात नेतो.

येत्या रविवारी सगळ्या मजल्याने मिळून पिंपं घासा. आणि मूल तापलंच, तर ताप गेल्यावरही दोन दिवस त्याला शाळेत पाठवू नका, नजरेआड होऊ देऊ नका.