करंगळी सोडून मुंग्या

वेल्ह्याच्या कानंद खोऱ्यात लावणीला हात दुखणं कुणी आजारात धरत नाही. माझंही तसंच चाललं होतं. पण लावणी उरकली, भात पोटरीला आलं, तरी उजव्या हाताच्या मुंग्या काही जाईनात. मध्यरात्री हात बधिर होऊन जाग यायची. उठून झटकला की जरा बरं वाटायचं. कुणी म्हणालं वात, कुणी म्हणालं मानेची नस. मालिश झाली, लेप झाले.

भोरच्या डॉक्टरांनी आधी एकच विचारलं, करंगळीला मुंग्या येतात का? येत नव्हत्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी कड, एवढंच. हा सगळा भाग एकाच नसेचा. मनगटात हाडं आणि वरचा जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोळ असतो. त्यातून बोटं मिटणारे नऊ स्नायुबंध आणि ही नस जाते. आत सूज आली की नस दबते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांनी मनगटं वाकवून दोन्ही पंजांच्या पाठी एकमेकींना टेकवून धरायला लावल्या. मिनिट व्हायच्या आत बोटं बधिरली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत हा आजार आहे. जोर लावून सतत तेच ते काम, कंपन आणि मनगट फार वाकवणं, ही तिथली कारणं. आमच्याकडे काय वेगळं आहे? सकाळ-संध्याकाळ म्हशींच्या धारा, त्याही अंगठा आत मुडपून. वाकल्या मनगटाने चिखलात रोप खोचायचं, पुढे विळ्याने कापणी. आता गवत कापायचं यंत्र आलंय, ते हात थरथरवतं. शिरवळच्या कारखान्यांत दिवसभर एकच जोडणी करणाऱ्या पोरींनीही हे ध्यानात ठेवावं.

तरी सगळं कामावर ढकलू नका. मधुमेह, थायरॉइड, संधिवात, गरोदरपण यांतही ही नस दबते. माझ्या रक्ततपासणीत थायरॉइड निघाला. तो तपासलाच नसता, तर नुसत्या विश्रांतीने किती फरक पडला असता?

रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपायला लागले, थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि झोप लागू लागली. धार आता पूर्ण मुठीने काढते, संध्याकाळची मालक काढतात. बायांनो, हे घरात स्पष्ट मागून घ्या. औषधाइतकंच ते गरजेचं आहे.

पट्ट्याने भागलं नाही तर मनगटात इंजेक्शन देतात, नाहीतर बोळावरचा तो जाड पट्टा कापून नस मोकळी करतात. बहुतेकदा फक्त हात बधिर करून हे होतं. टाके निघून जखम भरेपर्यंत चिखल-शेणात हात घालायचा नाही, म्हणून लोक सुगीनंतरचा मुहूर्त धरतात. पण अंगठ्याच्या बुडाचं मांस बसायला लागलं असेल, हातातून कपबशी निसटत असेल, तर सुगीची वाट पाहू नका. ते मांस पुन्हा भरून येईलच असं नाही.