पिकअपची उंची वाढवताना

पहाटे टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप बाजार समितीत जाते. दुपारी खताच्या गोण्या घेऊन परत येते. डांबरी रस्त्यावर ती मजेत पळते, पण शेताच्या वाटेवर तिचे पोट घासते. मग मालकाला वाटते, गाडी थोडी उचलून घ्यावी. मिस्त्री म्हणतो, "त्यात काय अवघड? मागं एक पाटा वाढवू. गाडी उंच होईल अन् मालबी जास्त बसंल."

लगेच हो म्हणू नये. गाडी कशावर बसलेली असते, ते आधी पाहू.

बहुतेक पिकअपला मागे पाट्यांची कमान असते. पोलादाचे लांब पाटे एकाखाली एक बांधून ती केलेली असते. खड्डा आला की कमान दबते आणि धक्का आपल्या अंगावर घेते. मग ती उसळते. ती उसळतच राहू नये म्हणून शॉकॲब्सॉर्बर असतो. आपण त्याला शॉकअप म्हणतो.

एक पाटा वाढवला की कमान उंच होते खरी, पण ताठही होते. गाडी भरलेली असली तर ठीक चालते. माल कमी असला की ती खड्ड्यावर उड्या मारते. खालच्या थरातला टोमॅटो चेपतो, चालकाची पाठ धरते. आणि माल जास्त बसेल, हे तर खोटेच! पाटा वाढला म्हणून ब्रेक, टायर आणि आस काही दणकट होत नाहीत. नोंदणीपुस्तकात लिहिलेले वजन तेवढेच राहते.

आस आणि कमान यांच्यामध्ये ठोकळा घालण्याचीही रीत आहे. ठोकळा दोन इंची, तर गाडी दोन इंच वर. कमान तीच राहते, म्हणून गाडी ताठ होत नाही. पण जोराने ब्रेक मारला की उंच ठोकळ्यामुळे कमानीला पीळ बसतो. म्हणून ठोकळा लहान असावा. ठोकळ्यावर ठोकळा कधीही ठेवू नये. पुढच्या आसावर तर ठोकळा घालूच नये.

काही गाड्यांना पुढे टॉर्शन बार असतो. हा पीळ खाणारा पोलादी दांडा. त्याचा बोल्ट आवळला की गाडीचे नाक फुकटात वर येते. पण फार आवळले तर चाकाला खड्ड्यात उतरायला वाव राहत नाही. गाडी दणके देऊ लागते.

जास्त बाक असलेली, पण गाडीच्या वजनाला साजेशी नवी कमान आणि तिच्या मापाचे लांब शॉकअप हा मार्ग महाग आहे. गाडी उंचही हवी आणि मऊही चालायला हवी, तर आमच्या मते तोच बरा.

मात्र खाली नेमके काय घासते, ते वाकून पाहावे. मागच्या आसाच्या मधला दात्यांचा गोळा घासत असेल, तर कमान कितीही उंच केली तरी तो गोळा तिथेच राहतो! तो फक्त मोठ्या टायरने वर येतो. टायरचा व्यास दोन इंच वाढला, तर गोळा एक इंच वर येतो.

पुष्कळदा तर काहीच वाढवावे लागत नाही. जुनी कमान बसलेली असते. बुश झिजलेले असतात. शॉकअपमधून तेल गळत असते. हे बदलले की गाडीची मूळची उंची आणि मूळची चाल दोन्ही परत येतात.

उंच गाडी वळणावर जास्त कलते. वर क्रेटची थप्पी आणि तिच्यावर माणसे, मग उलटायला किती वेळ? कायदाही माहीत असावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, कारखान्याने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या गोष्टींशी न जुळणारा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ उचलून धरला. पुढे अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. म्हणून काम करण्याआधी आर. टी. ओ. कचेरीत विचारावे. उत्तर लेखी घ्यावे आणि ते स्वतः वाचून पाहावे.

काम झाल्यावर ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, ते पाहावे. चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जात असेल, तर खाली करावा. यू-बोल्ट नवे घालावेत आणि चार-आठ दिवस गाडी चालली की पुन्हा आवळून घ्यावेत.