हॅम रेडिओचा कनेक्टर: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

मलकापुरात दुकानात जाऊन कोॲक्स केबल मागितली, की बहुधा समोर येते ती डिशची आरजी-६, नाहीतर सीसीटीव्हीची वायर. नुसतं ऐकायचं असेल तर आरजी-६ बिनदिक्कत वापरा. मात्र परीक्षा देऊन, डब्ल्यूपीसीचा (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचा) परवाना हातात घेऊन प्रक्षेपण करायचं असेल, तर ती केबल टाळलेली बरी. रिग (प्रक्षेपण संच) आणि अँटेना ५० ओहमच्या, ही केबल ७५ ओहमची. या फरकाने एसडब्ल्यूआर (शक्ती किती परतते याचं माप) दीडच्या आसपास जातो आणि तेवढा रिग सहन करते. खरी अडचण जोडाची आहे. आरजी-६ ची जाळी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते, तिला साधं सोल्डर धरत नाही. आणि तिच्या एफ-कनेक्टरपासून रिगपर्यंत पोचायला एकापुढे एक ॲडॅप्टर लावावे लागतात. त्यातला प्रत्येक सांधा पुढेमागे ढिला होऊ शकतो.

म्हणजे माल मागवायचा, किंवा जाऊन आणायचा. मलकापूर मुंबई-भुसावळ-नागपूर मार्गावरच असल्याने मुंबईला काही काम असेल तेव्हा ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारावी. पुण्याला जाणं होत असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात पाहावं. कनेक्टर हातात घेऊन निवडता येतो, हा याचा मोठा फायदा. खाली दिलेले भाव ढोबळ आहेत. तांब्याच्या दराबरोबर आणि दुकानागणिक ते हलतात. बिलावर १८ टक्के जीएसटी धरला आहे का, तेही विचारून घ्या.

बहुतेक एचएफ रिगच्या पाठीला एसओ-२३९ सॉकेट असतं, त्यात पीएल-२५९ बसतो. हा चाळीस-पन्नास रुपयांपासून तीनशेच्या पुढेपर्यंत मिळतो, आणि फसवणूक सर्वांत जास्त यातच होते. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा: अंग चिकटलं तर ते पितळ नव्हे, लोखंड आहे, पहिल्या पावसाळ्यानंतर गंजेल. मधल्या पिनेभोवतीचा पांढरा, गुळगुळीत भाग टेफ्लॉनचा असावा. साधं प्लास्टिक असेल तर डाग देताना ते वितळतं आणि पिन तिरकी होते. चकचकीत निकेलच्या अंगावर सोल्डर नीट पसरत नाही, चांदीचा मुलामा दिलेल्यावर पसरतं. आटेही तिथेच फिरवून पाहा. खरा आटा इंची मापाचा असतो. काही स्वस्त मालाला मेट्रिक आटे पाडलेले असतात, ते दोन फेऱ्यांत अडकतात आणि जोर लावला तर रिगचं सॉकेट खराब करतात. टेफ्लॉनचा, पितळी पीएल-२५९ दीडशे ते तीनशे रुपयांत मिळावा. बारीक आरजी-५८ केबलसाठी वीस-पन्नास रुपयांचा रिड्यूसर लागतो, तो त्याच वेळी घ्या. आणि हो, या कनेक्टरच्या अंगाला डाग द्यायला २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. ८० ते १०० वॅटची लागते, नाहीतर वरवर चमकणारा पण आतून थंड सांधा तयार होतो.

पीएल-२५९ हा १९३० च्या दशकातला नमुना. सात मेगाहर्ट्झपासून १४५ मेगाहर्ट्झपर्यंत तो नीट लावला तर त्यात जाणवण्याइतकी शक्ती वाया जात नाही. याबद्दलची भीती अनाठायी आहे. ४३५ मेगाहर्ट्झवर काम करणार असाल तर एन-टाइप घ्या. बेल लॅब्जच्या पॉल नील यांनी १९४० च्या दशकात घडवलेल्या या कनेक्टरमध्ये पाणी अडवणारी रबरी कडी असते. दोनशे ते साडेतीनशे रुपयांत चांगला मिळतो. माझं मत विचाराल तर व्हीएचएफ अँटेनेच्या टोकालाही एनच बरा, कारण पाऊस तिथे पडतो. फक्त अँटेनेवरचं सॉकेट एन आहे ना, एवढं पाहून घ्या. बीएनसी मीटरसाठी आणि छोट्या शक्तीच्या संचासाठी ठीक. सीसीटीव्हीवाल्यांचा स्क्रूने कसायचा बीएनसी मात्र प्रक्षेपणात वापरू नका.

हँडहेल्ड सेटचं एसएमए फसवं असतं. बाओफेंग यूव्ही-५आरवर पिन सेटला असते, म्हणून केबलला भोकवाला एसएमए लागतो. याएसूच्या एफटी-६०ला नेमकं उलट. वाय-फायसाठी बनवलेला रिव्हर्स एसएमए दिसायला तसाच, पण पिन आणि भोक यांची अदलाबदल केलेला. तो आट्यांवर बसतो आणि मधली तार जोडलीच जात नाही. ऑर्डर देताना सेटच्या सॉकेटचा फोटो पाठवा. जड केबल एसएमएला थेट लटकवू नये, अर्ध्या मीटरची बारीक जोडकेबल मध्ये घ्यावी. ती दोनशे-साडेतीनशेला पडते.

आता मोठा खर्च. २० मीटर आरजी-५८ मधून १४५ मेगाहर्ट्झवर निम्म्याहून कमी शक्ती अँटेनेपर्यंत पोचते. आरजी-२१३ मधून सुमारे दोन तृतीयांश. सात मेगाहर्ट्झवर मात्र आरजी-५८ मधूनही ऐंशी टक्क्यांहून जास्त पोचते. म्हणून ४० मीटर बँडच्या डायपोलसाठी तीस ते पन्नास रुपये मीटरची आरजी-५८ पुरे: केबल, दोन कनेक्टर, रिड्यूसर आणि टेप मिळून दीड-दोन हजारांत काम होतं. व्हीएचएफसाठी सव्वाशे ते पावणेदोनशे रुपये मीटरची आरजी-२१३ घेतली तर जोडकेबलसह साडेतीन ते पाच हजार धरा. या हिशोबात कनेक्टरचे दोन-तीनशे वाचवण्यात शहाणपण नाही, कारण पाणी शिरलं तर बदलावी लागते ती केबल.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पत्र्यावर त्याहून जास्त. साधी इलेक्ट्रिकची टेप त्या उन्हात चिकट होऊन सुटते. मग जूनच्या सरी येतात आणि जाळीतून पाणी केबलभर झिरपतं. तांबं काळं पडतं. बाहेरच्या प्रत्येक जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे पाणी घडीत अडकत नाही. वरून साध्या टेपचा एक थर द्या. ही रबरी टेप अडीचशे ते पाचशेला मिळते आणि बरेच जोड झाकते. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोल सोडा, थेंब तिथूनच गळून पडतील. वळवाच्या विजा चमकू लागल्या की केबल रिगपासून काढून ठेवा.

कनेक्टर लावल्यावर मल्टीमीटरने दोन्ही टोकं तपासा: पिनेपासून पिनेपर्यंत बीप यावा, पिन आणि अंगामध्ये येऊ नये. एसडब्ल्यूआर मीटर उत्तम आकडा दाखवतो म्हणून निश्चिंत होऊ नका. भिजलेली केबल परतणारी शक्तीही गिळते, त्यामुळे खराब झालेल्या केबलवर हा आकडा उलट सुधारलेला दिसतो. अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावा, रिगजवळ आणि वरच्या टोकाला वॅट मोजा. फरक वरच्या हिशोबाहून बराच जास्त निघाला तर आधी जोड उघडून जाळीचा रंग पाहा. आणि मालाची ऑर्डर देताना प्रत्येक प्रकारचे दोन कनेक्टर जास्त मागवा. कुरिअरचा खर्च तोच राहतो.