सिग्नल कमी की गर्दी जास्त?



आपल्या वसतिगृहात मोबाइल नसतो, त्यामुळे त्याच्याविषयीची तक्रार आपल्या वाट्याला फक्त सुट्टीत येते. 'नेट चालत नाही' हे वाक्य तेव्हा घरोघरी ऐकू येते. ताप हे जसे आजाराचे लक्षण, तसेच हेही लक्षणच. त्यामागची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येक कारणाचा उपाय निराळा असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांच्या घरी मी ही कारणे वेगळी करून पाहिली. ती पद्धत येथे देत आहे.

माझे मामा नोकरीनिमित्त म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे, म्हणजे हेग्गडदेवनकोटे येथे राहतात. म्हैसूर शहरापासून हे गाव सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तालुक्याला नागरहोळे आणि बंडीपूरचे जंगल लागून आहे, कबिनी धरणाचा जलाशय आहे आणि पलीकडे केरळची हद्द आहे. अशा भागात टॉवर दूरदूर असतात. त्यातच दाट झाडी, विशेषतः ओली पाने, रेडिओ लहरी शोषून घेतात.

आजी मामांकडेच असते. तिला हृदयविकार आहे. एका रात्री तिच्या छातीत दुखू लागले, तेव्हा मधल्या खोलीतून रुग्णवाहिकेला केलेला फोन तीनदा लागला नाही. मामी धावत गच्चीवर गेल्या, तेव्हा लागला. आजी आता बरी आहे. पण पडद्यावर दोन बार दिसत असताना फोन का लागला नाही, हे शोधायचे मी ठरवले.

१. बारऐवजी आकडा पाहा

किती सिग्नलला किती बार दाखवायचे, हे प्रत्येक फोन बनवणारा आपापल्या परीने ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग 'फोनबद्दल', मग 'सिम स्टेटस' येथे तो दिसतो. आकडा ऋण असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. फोरजीसाठी ढोबळ मानाने उणे ८० किंवा त्याहून चांगला आकडा उत्तम, उणे १०० कामापुरता आणि उणे ११५ च्या खाली फारच कमजोर समजावा.

शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. त्यानंतर दर १० अंकांना शक्ती एक दशांश होते. म्हणजे उणे ९० ला फोनपर्यंत पोचणारी शक्ती एका मिलिवॅटचा शंभर कोटीवा भाग असते! मामांच्या मधल्या खोलीत मला उणे ११८, खिडकीपाशी उणे १०४ आणि गच्चीवर उणे ९२ असे आकडे मिळाले. मधली खोली आणि गच्ची यांत २६ अंकांचा फरक, म्हणजे शक्तीत सुमारे ४०० पट फरक. मामी चढल्या त्या एका जिन्याची किंमत एवढी होती.

२. आपल्याला ऐकू येते, टॉवरला येत नाही

टॉवर काही दशक वॅट शक्तीने बोलू शकतो. फोरजीच्या साध्या फोनची कमाल शक्ती सुमारे ०.२ वॅट. म्हणून कमजोर जागी टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतो, बार दिसतात. पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही आणि कॉल लागत नाही. अशा वेळी फोन पूर्ण जोर लावत राहतो, त्यामुळे बॅटरीही लवकर उतरते.

३. कमजोरी की गर्दी, ते ओळखा

म्हैसूरला गेलो असताना देवराज अरस रस्त्यावर संध्याकाळी तोच फोन पाहिला. आकडा उणे ७५, म्हणजे उत्तम. तरीही नकाशा उघडायला वेळ लागत होता. येथे सिग्नल कमी नव्हता, माणसे जास्त होती. एका टॉवरची क्षमता त्याच्या टप्प्यातील सर्वांत वाटली जाते. मेसमध्ये डाळीचे भांडे एकच आणि रांग लांब असली, की भांडे भरलेले असूनही आपल्या ताटात उशिरा पडते, तसेच हे.

ओळखण्याची खूण अशी: त्याच जागी पहाटे आणि रात्री नऊला वेग तपासा. आकडा तोच राहून पहाटे वेग वाढला, तर कारण गर्दी. दिवसभर आकडाच वाईट असेल, तर कारण कमजोर सिग्नल.

तिसरे कारणही विसरू नका. अनेक प्लॅनमध्ये रोजचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. तीन मेगाबाइटचा एक फोटो पाठवायला मग सहा मिनिटांहून अधिक लागतात. म्हणून सर्वांत आधी शिल्लक डेटा पाहावा.

४. उपाय

कमजोर सिग्नल असेल तर: उंच जागी किंवा खिडकीपाशी जा. पत्रे, लोखंडी कपाट आणि सिमेंटच्या जाड भिंती यांपासून दूर राहा. दहा सेकंद फ्लाइट मोड लावून काढा, म्हणजे फोन टॉवर नव्याने शोधतो. फाइव्हजी येत-जात असेल, तर फोरजी निवडा. फाइव्हजीचा मोठा भाग ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर चालतो, आणि त्या ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींइतक्या दूर जात नाहीत, भिंतीही तितक्या भेदत नाहीत. व्होएलटीई चालू आहे का, ते पाहा. घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करा.

गर्दी असेल तर: मोठ्या फाइल पहाटे उतरवा, वाय-फाय वापरा, फाइव्हजी स्थिर मिळत असेल तर त्यावर जा.

बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर मात्र परवानगीशिवाय लावू नका. तो कायद्याने गुन्हा आहे आणि त्यामुळे आसपासच्या लोकांचे नेटवर्क बिघडते.

५. संकटाच्या वेळी

आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी ११२ हा क्रमांक लावून पाहावा. आणीबाणीचा कॉल उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो. कॉल टिकत नसेल, तर घरच्यांना एसएमएस करा. तो अगदी छोटा असल्याने कमजोर सिग्नलमध्येही पोचण्याची शक्यता जास्त असते.

मामांच्या घरी आता आजीचा पलंग खिडकीच्या खोलीत आहे. फोनची जागा खिडकीच्या कट्ट्यावर ठरली आहे आणि तेथून कॉल लागतो, हे आम्ही दिवसा आणि रात्री लावून पाहिले आहे.

आपल्या सैन्यातील कोअर ऑफ सिग्नल्सची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ रोजी झाली. त्यांचे ब्रीद 'तीव्र चौकस' असे आहे. संदेश वेगाने जावा, पण आधी चौकस असावे, हे घरच्या फोनलाही लागू आहे.

स्वाध्याय: पुढच्या सुट्टीत आपल्या घराचा नकाशा काढा. प्रत्येक खोलीत डीबीएमचा आकडा लिहा. सर्वांत चांगली जागा निवडा आणि ती घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधायला वेळ नसतो.

जय हिंद!